पॅनल गेलं की टीव्ही गेला

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बाजारपेठेतल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात दिवाळीच्या तोंडावर साधारण दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एकाच्या टीव्हीला आवाज आहे, चित्र नाही. दुसऱ्याच्या पडद्यावर उभी रेघ आलीय, कधी हिरवी, कधी पांढरी. पहिल्याला दुकानदार बसायला सांगतो. वरचा दिवा मालवतो, टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवतो आणि तिरक्या नजरेनं बघतो. आत मालिकेतली माणसं पुसट हलताना दिसली की निदान झालं : बॅकलाइट गेलीय. मग पुढची चौकट काढायची, पॅनल दोन्ही हातांनी उचलून गादीवर ठेवायचं, खालच्या पांढऱ्या शीट क्रमानं बाजूला करायच्या. तळाशी ॲल्युमिनियमच्या अरुंद पट्ट्या असतात, त्यांच्यावर भिंगाच्या टोप्या घातलेले एलईडी. मेलेला एलईडी शोधायला मल्टीमीटर पुरतो. पट्ट्यांचा सेट बदलला की टीव्ही घरी जातो, आणि बिल गिऱ्हाइकाला परवडतं.

रेघवाल्याला तो बसायलाही सांगत नाही. “पॅनलची लाइन आहे, मालक. नवाच बघा.”

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून हे उत्तर द्यायलाही सोपं झालंय. पण त्यात दुकानदाराचा आळस नाही. टीव्ही बनवण्याच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा त्या एका काचेचा असतो, आणि ती काच दुरुस्त करायची सोय तिच्या रचनेतच नाही. साध्या ३२ इंची टीव्हीत १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतात, प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. म्हणजे सुमारे ३१ लाख कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याला काचेवरच बसवलेला एक ट्रान्झिस्टर. फोर-के टीव्हीत हाच आकडा अडीच कोटींच्या जवळ जातो. दोन काचांच्या मध्ये तीन-चार मायक्रॉनची फट आणि त्या फटीत द्रवस्फटिक. उभी रेघ बहुतेकदा काचेच्या कडेला चिकटवलेल्या नाजूक रिबनचा जोड सुटल्यानं येते. तो जोड पुन्हा बसवणारी बाँडिंग मशीनं मोठ्या शहरांत आहेत, पण हातानं डाग देऊन तो जोडता येत नाही.

ही काच उघडून बघता येत नाही, ही गोष्ट कोल्हापूर जिल्ह्याला जरा जास्तच लागणारी आहे. इथला यंत्रोद्योग उभा राहिला तो वस्तू उघडून बघण्यावर. विहिरीवरची विलायती ऑइल इंजिनं खोलायची, भाग मोजायचे, लाकडी पॅटर्न करायचा, ओतायचं, लेथवर चढवायचं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही त्या आरंभीच्या पिढीची नावं आजही उद्यमनगरात आदरानं घेतली जातात. पुढं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि मुरगूडच्याच तालुक्यातली कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत हा सगळा त्याच रीतीचा विस्तार. फौंड्रीवाल्यापुढं नमुना ठेवा, तो तुम्हाला तसाच भाग काढून देईल, वर दोन सुधारणा सुचवेल.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीलाही ही रीत लागू पडली होती. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ट्यूब, ट्यूनर, ईएचटी ट्रान्सफॉर्मर आणून गावातली पोरं घरी ब्लॅक अँड व्हाइट संच जोडत होती. ट्यूब घरी बनत नव्हती, ते खरं. पण महाराष्ट्रातला एक उद्योगसमूह त्या धंद्यात जगाच्या पहिल्या रांगेपर्यंत जाऊन बसला, आणि तिथंच फसला. ही गोष्ट आपण हल्ली कर्जबुडवेपणाची म्हणूनच सांगतो. ती तंत्रज्ञानाची म्हणूनही सांगायला हवी.

नंदलाल धूत आणि त्यांच्या मुलांच्या व्हिडिओकॉननं औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) चितेगावला कारखाना उभारला. रंगीत टीव्हीसाठी तोशिबाशी तांत्रिक करार केला. ट्यूबच्या काचेचे कोश भरूचला बनू लागले. काच आपली, ट्यूब आपली, संच आपला : इतकी सलग साखळी भारतात फार थोड्यांकडे होती. २००५ मध्ये व्हिडिओकॉननं फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा रंगीत पिक्चर ट्यूबचा जागतिक धंदा विकत घेतला. इटलीत अनान्यी, शिवाय पोलंड, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने त्यात आले. मराठवाड्यातला माणूस युरोपातला कारखाना घेतो याचं तेव्हा कौतुक झालं, आणि ते होणं स्वाभाविकच होतं. थॉमसन तो धंदा का विकतेय, हा प्रश्न मात्र मागं राहिला. जानेवारी २००६ मध्ये एलजी आणि फिलिप्सची ट्यूब बनवणारी जोडकंपनी दिवाळखोरीत गेली. २००७ च्या अखेरच्या तिमाहीत जगात एलसीडी टीव्हींची विक्री पहिल्यांदाच ट्यूबच्या टीव्हींच्या पुढं गेली. म्हणजे खरेदीच्या सह्या वाळून दोन-अडीच वर्षं झाली नाहीत, तोच मालाला उतरती कळा लागली. पुढं तेल, मोबाइल सेवा, डीटीएच असा पसारा आणि कर्ज वाढत गेलं. जून २०१८ मध्ये प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढं गेलं. घेणेकऱ्यांचे मान्य झालेले दावे सुमारे ६४,८०० कोटींचे होते. २०२१ मध्ये मंजूर झालेली बोली होती २,९६२ कोटींची. बोली लावणारा जवळजवळ काहीच देत नाही, असं त्या वेळी न्यायाधिकरणालाही म्हणावंसं वाटलं. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणानं ती मंजुरी रद्द केली.

ही बोली अनिल अगरवाल यांच्या वेदांत समूहातल्या ट्विन स्टार टेक्नॉलॉजीजची होती. ट्विनस्टार हे नाव महाराष्ट्रानं आधी ऐकलेलं होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा याच समूहाच्या ट्विनस्टार डिस्प्ले टेक्नॉलॉजीजनं नागपूरजवळ बुटीबोरीला २०,००० कोटी रुपयांचा एलसीडी पॅनलचा कारखाना काढण्याचा करार राज्य सरकारशी केला होता. तो उभा राहिला नाही. त्याच्या आधी, ऑगस्ट २०१५ मध्ये, तैवानच्या फॉक्सकॉननं पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर गुंतवण्याचा करार महाराष्ट्राशी केला होता, पुण्याजवळच्या तळेगावचं नाव तेव्हाही होतं. तेही कागदावर राहिलं. मग वेदांत आणि फॉक्सकॉन एकत्र आले. १,५४,००० कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा महिनोन्‌महिने चालली, आणि १३ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांनी गुजरातशी करार केला. त्यानंतर इथं जे राजकारण पेटलं ते सर्वांना आठवत असेल. एक गोष्ट त्या गदारोळात फारशी कुणी सांगितली नाही : त्या दीड लाख कोटींतले सुमारे ९४,००० कोटी डिस्प्लेच्या कारखान्याचे होते, चिपचे साठेक हजार कोटी. भांडण चिपच्या नावानं झालं, पण मोठा वाटा पडद्याचा होता. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. गुजरातमध्येच धोलेऱ्याला त्यानंतर टाटा आणि तैवानच्या पॉवरचिपचा चिप कारखाना मंजूर झाला, तो वेगळा प्रकल्प.

माझं मत असं की तळेगावहून काही हिरावलं गेलं असेल तर ते मुख्यतः एक करारपत्र होतं. फॉक्सकॉनचा याच बाबतीतला इतिहास बघा. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १० अब्ज डॉलरचा एलसीडी कारखाना आणि १३,००० नोकऱ्या अशी घोषणा व्हाइट हाउसमध्ये झाली. २०२१ मध्ये करार नव्यानं झाला तो ६७.२ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्यांचा. एलसीडी पॅनल तिथं बनलंच नाही. अमेरिकेसारख्या देशाला जे जमेना ते बुटीबोरीत का जमलं नाही, याचं उत्तर नेत्यांच्या भाषणांत शोधण्यापेक्षा काचेच्या मापात शोधावं.

एलसीडीचा कारखाना म्हणजे आधी एक प्रचंड काच. तिला मदर ग्लास म्हणतात. तिच्यावर थर चढवून, कोरून, शेवटी कापून पॅनलं काढतात. काच जितकी मोठी तितकी पॅनलं जास्त आणि दर पॅनलमागं खर्च कमी, म्हणून काचेच्या ‘पिढ्या’ वाढत गेल्या. पहिल्या पिढीची काच सुमारे ३०० बाय ४०० मिलिमीटर, आपल्या घरच्या कॅलेंडरएवढी. चीनच्या बीओई कंपनीनं हफेईला २०१७ च्या अखेरीस जी साडेदहाव्या पिढीची लाइन सुरू केली तिची काच २,९४० बाय ३,३७० मिलिमीटरची, जाडी अर्धा मिलिमीटर. एवढी काच ट्रकनं लांबून आणता येत नाही, म्हणून कॉर्निंगला काचेची भट्टी शेजारीच टाकावी लागली. वेदांत समूहानं २०१७ मध्येच अव्हानस्ट्रेट या जपानी काच कंपनीतला मोठा हिस्सा घेतला तो याच हिशेबानं, आणि तो हिशेब बरोबर होता. पण एवढ्यानं भागत नाही. या धंद्यात तेजी आली की सगळेच कारखाने काढतात, ते सुरू होईपर्यंत भाव कोसळलेले असतात. चीनमधली प्रांतिक सरकारं हा तोटा वर्षानुवर्षं सोसतात. बाकीच्यांतले अनेक एकेक करून उठून गेले. सॅमसंगनं २०२२ मध्ये एलसीडी पॅनल बनवणं थांबवलं. एलजीनं ग्वांगझूचा कारखाना चीनच्या टीसीएल समूहाला विकला. ओसाकाजवळच्या साकाई इथं शार्पनं २००९ मध्ये दहाव्या पिढीची लाइन सुरू केली होती, जगात त्या वेळची सर्वांत मोठी. २०१६ मध्ये शार्पच फॉक्सकॉननं घेतली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्या कारखान्यानं टीव्हीची पॅनलं काढणं बंद केलं. आता त्या जागेवर एआयची डेटा सेंटरं येताहेत.

म्हणजे फॉक्सकॉन तळेगावच्या वाटाघाटी करत होती त्या काळात तिच्या स्वतःच्या घरातली मोठी काच तोट्यात निघाली होती. दिल्लीतल्या सेमीकंडक्टर मिशनमध्येही हेच दिसतं. डिसेंबर २०२१ च्या ७६,००० कोटींच्या योजनेत डिस्प्लेच्या कारखान्याला निम्म्या खर्चापर्यंत मदत देण्याची तयारी केंद्रानं पुढं दाखवली, पण मंजूर झालेल्या प्रकल्पांच्या पहिल्या दहांत पॅनलचा कारखाना एकही नाही. फॉक्सकॉनच मे २०२५ मध्ये एचसीएलबरोबर उत्तर प्रदेशात जेवरला परतली, तीही पॅनलला हुकूम देणाऱ्या ड्रायव्हर चिपसाठी. ३,७०० कोटींचं काम. आकडा लहान आहे, म्हणून मला तो जास्त खरा वाटतो.

पॅनलचा कारखाना इथं नाही, पण काचेवर थर बसवण्याचं ज्ञान आहे. त्यासाठी आता विद्यापीठाकडे वळू. कोल्हापुरात सागरमाळावरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) पदार्थविज्ञान विभागाची एक खासियत अशी आहे की तिची दखल भारतातल्या फार थोड्या वर्तमानपत्रांनी घेतली असेल : काचेवर पातळ थर बसवणं. डॉ. एस. एच. पवार, डॉ. चंद्रकांत लोखंडे, डॉ. प्रमोद पाटील यांच्या पिढ्यांनी चार दशकं हेच केलं. महागडी निर्वात यंत्रं परवडत नव्हती म्हणून बीकर, गरम तवा आणि रसायनं यांच्या जोरावर केलं. डॉ. पाटील यांचा स्प्रे पायरोलिसिसवरचा १९९९ चा आढावा आणि डॉ. राजाराम माने व डॉ. लोखंडे यांचा रासायनिक थरांवरचा २००० चा आढावा, हे दोन्ही एकाच आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले आणि या विषयात जगभर वाचले जातात.

स्प्रे पायरोलिसिस बघायला फार सोपं. मायक्रोस्कोपची काचपट्टी साडेचारशे अंशांच्या आसपास तापवलेल्या तव्यावर ठेवायची. टिन क्लोराइडच्या द्रावणात थोडं अमोनियम फ्लोराइड मिसळायचं. हवेच्या दाबानं त्याचा तुषार काचेवर मागं-पुढं फिरवायचा. थेंब इतके बारीक हवेत की काचेला टेकता टेकताच विघटित व्हावेत. मोठा थेंब पडला की डाग उमटतो आणि काच थंडावून तडकतेही. वाफा डोळ्यांना झोंबतात, म्हणून वर धुराडं. काच थंड झाली की दिसायला होती तशीच, पारदर्शक. पण मल्टीमीटरच्या दोन्ही पिना टेकवल्या की काटा हलतो. काचेतून प्रकाशही जातो आणि तिच्या पाठीवरून वीजही. याला एफटीओ म्हणतात. टीव्हीच्या पॅनलात नि मोबाइलच्या टचमध्ये याच जातीचा थर लागतो, तिथं टिनऐवजी इंडियमप्रधान ऑक्साइड वापरतात एवढाच फरक.

लोखंडे यांच्या परंपरेतली दुसरी रीत आणखी साधी. काच एका द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. प्रत्येक फेरीत थर किंचित वाढतो. कॅडमियम सल्फाइड, कॅडमियम सेलेनाइड हे पदार्थ या रीतीनं इथं कितीदा तरी बसवले गेले. हेच कॅडमियम सेलेनाइड काही नॅनोमीटरच्या कणांत आणलं की त्याचा रंग कणाच्या आकाराबरोबर बदलतो. अशा कणांना क्वांटम डॉट म्हणतात, आणि २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना त्यासाठी मिळालं. दुकानात ‘क्यूएलईडी’ म्हणून जो टीव्ही दोन पैसे जास्त घेऊन विकतात, त्याच्या निळ्या बॅकलाइटपुढं क्वांटम डॉटचीच फिल्म असते. एकिमोव्ह यांना हा परिणाम रंगीत काचेत सापडला होता. पुण्यात पाषाणला १९९० पासून असलेल्या सी-मेट या केंद्रीय संस्थेत डॉ. भारत काळे यांच्या गटानं काचेतच हे डॉट वाढवण्यावर काम केलेलं आहे.

प्रयोगशाळा इथं आणि फिल्म तिकडं, असं आधीही झालंय. १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. वीसेक वर्षांनी जपानच्या फुजीनं त्याच जातीच्या रेणूंची फिल्म काढली, आणि एलसीडी बाजूनं बघितला तरी चित्र नीट दिसू लागलं.

कोल्हापूरच्या काचपट्टीवर आता स्मृतीही बसू लागलीय. मेमरिस्टर हा भाग म्हणजे आधी किती वीज वाहून गेली ते लक्षात ठेवणारा रोधक. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये तो गणितानं मांडला, २००८ मध्ये एचपीनं तो बनवल्याचं जाहीर केलं, २०१० मध्ये कोरियाच्या हायनिक्सशी करार केला, आणि बाजारात मात्र काही आलं नाही. इंटेल आणि मायक्रॉननं २०१५ मध्ये फ्लॅशहून हजार पट वेगवान स्मृतीची घोषणा केली, आणि २०२२ मध्ये इंटेलनं ‘ऑप्टेन’ या नावानं मांडलेलं तिचं दुकान आवरलं. हार्डवेअरच्या जगात अफवांना तोटा नाही. ॲपलच्या घड्याळात मायक्रोएलईडीचा पडदा येणार असं वर्षानुवर्षं ऐकू येत होतं. ऑस्ट्रियाच्या एएमएस-ओस्राम कंपनीनं त्या मागणीवर विसंबून मलेशियात कारखाना बांधला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्य काम रद्द झाल्याचं तिनं जाहीर करताच शेअर कोसळला. या पार्श्वभूमीवर शिवाजी विद्यापीठात डॉ. तुकाराम डोंगळे यांचा गट मेमरिस्टरवर काम करतो. २०१५ चा त्यांचा एक शोधनिबंध चांदी, झिंक ऑक्साइड आणि एफटीओ काच यांचा मेमरिस्टर पाण्यातल्या रसायनांनी बनवण्याविषयी आहे. त्यातून उद्या लॅपटॉप निघेल असं कुणी म्हणत नाही. मेंदूच्या पेशींसारखी जोडणी करता येईल का, हे तपासणं चालू आहे.

अडचण काचपट्टीच्या मापाची आहे. ती ७५ बाय २५ मिलिमीटरची. हफेईची काच तिच्या पाच हजार पटींहून मोठी. तीन इंचांवर सारखा येणारा थर तीन मीटरवर सारखा येत नाही, आणि प्रबंध तीन इंचांवरच पुरा होतो. या दोन मापांमधला प्रवास करणाऱ्या संस्था तैवाननं मुद्दाम काढल्या. १९७३ ची आयटीआरआय त्यातलीच, तिच्यातूनच पुढं १९८७ मध्ये टीएसएमसी निघाली. कोल्हापूरची मुलं हा मधला प्रवास शिकायला बाहेर जातात. गेल्या पंचवीस वर्षांत इथं थिन फिल्मवर पीएच.डी. करून दक्षिण कोरियात गेलेल्यांची रांग मोठी आहे : सोलचं हानयांग विद्यापीठ, केआयएसटी ही संशोधन संस्था, ग्वांगजूचं चोनाम विद्यापीठ. शोधनिबंधांच्या लेखकयादीत पाटील, माने, लोखंडे यांच्या शेजारी किम, हान, जू अशी नावं दिसतात. त्यांतले अनेक परत आले, कॉलेजांत शिकवू लागले, आणि पुन्हा काचपट्टीवर आले.

टीव्हीच्या एलसीडी पॅनलच्या मागं लागण्यात मला अर्थ दिसत नाही. कोरियानंच ते सोडलं. पण डॉ. पाटील यांच्या गटाचा जुना विषय आहे इलेक्ट्रोक्रोमिक काच. टंगस्टन ऑक्साइडचा थर, एक-दोन व्होल्ट दिले की काच निळसर गडद होते, उलट दिले की पुन्हा साफ. बोइंग ७८७ च्या खिडक्या याच तत्त्वावर गडद होतात. अशा काचेला अडीच कोटी ट्रान्झिस्टर लागत नाहीत. पहिल्या पिढीच्या मापाची, फूट-दीड फुटाची, सलग आणि दरवेळी सारखा थर देणारी एक लाइन तिला पुरेल. मार्च २०२५ मध्ये केंद्रानं सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली, पण तिच्यात अर्ज करायला आधी कारखानदार लागतो. विद्यापीठापासून गोकुळ शिरगावची वसाहत दहा किलोमीटरच्या आत आहे. तिथले फौंड्रीवाले तापमान अचूक राखण्यात तरबेज आहेत, त्यांना थराचं रसायन माहीत नाही. विद्यापीठाला ते माहीत आहे, त्यांच्याकडे भट्टी नाही. असल्या लाइनला दीड लाख कोटी लागत नाहीत. मंत्रिमंडळापुढं नेण्याएवढी ती मोठी नाही आणि एखाद्या विभागाच्या अनुदानात मावण्याएवढी लहानही नाही, म्हणून तिचा करार अजून कुणी केलेला नाही.